तिसरं घर, डावीकडे

रियेकाहून निघायचं. चार दिवस, तीन रात्री.
अठरा प्रवासी, दोर सांभाळायला एक पोरगा,
शेगडीपाशी मी.
कप्तान बोझिदार पाटीवर खडूनं बेटांची नावं लिहितो,
लोशिन्य लिहिताना एक अक्षर हमखास खातो.
बावीस उन्हाळे खातोय. आता मीही सांगत नाही.

दोमेनिका पहिल्या दिवसापासून माझ्यापाशीच.
वर डेकवर सगळे ऊन अंगाला चोपडत पडलेले,
ही खाली माझ्या खुराड्यात, पाय पसरून,
बटाट्याची सालं एवढी पातळ काढते
की पलीकडचा समुद्र दिसावा.
"अमेरिकेत चाळीस वर्षं शाळेच्या खानावळीत," म्हणाली,
"साल जाड निघालं की मुकादमीण तोलून बघायची."

तिचं बेट तिसऱ्या दिवशी दुपारी आलं.
सूसाक. पिवळसर, सगळं वाळूचंच,
बोटानं टोकरलं तर झरझर गळेल असं.
एकोणिसाव्या वर्षी सोडलेलं.
फळी टाकली. प्रवासी टोप्या धरून उतरले.
ती उठली नाही.
सुरी पुसली, परत बटाट्याला लावली.

"तू जातेसच ना टोमॅटो आणायला.
मग वरच्या आळीत जा. पायऱ्या संपल्या की डावीकडे,
चर्चच्या अलीकडे तिसरं घर.
स्वयंपाकघराचं दार बघून ये,
आत उघडतं की बाहेर."

एवढंच?

"ओर्सोला म्हणते बाहेर. बहीण माझी.
ती ऑस्ट्रेलियात. रविवारी फोन.
हवापाणी झालं, गुडघे झाले, की दारावर यायचं.
मी म्हणते आत. आत उघडायचं म्हणून तर
मागे पिठाची कोठी ठेवता यायची नाही.
ती म्हणते, कोठी होती, आणि दारामागेच होती.
एकदा तीन महिने बोललो नाही."

पायऱ्या मी मोजल्या नाहीत, गुडघ्यांनी मोजल्या.
तिसरं घर सापडलं. भिंत आता लिंबाच्या रंगाची,
दोरीवर परक्यांचे टॉवेल,
उंबऱ्यात एक उघडा पोरगा कलिंगड खात,
बिया अंगणात थुंकत.
दार नव्हतंच.
मण्यांचा पडदा होता, प्लॅस्टिकचा, हिरवा,
वारा आला की आत जायचा,
वारा पडला की बाहेर यायचा.
मी चौकटीवरून बोट फिरवलं, बिजागरीची भोकं तरी.
रंगाचे थर इतके, हाताला काही लागलं नाही.
पोरगा बघत राहिला. त्याची भाषा मला येईना.
त्यानं कलिंगडाची फोड पुढे केली.
खाल्ली.

उतरताना ठरवत होते काय सांगायचं.
'आत' म्हणावं, म्हातारी सुखावेल.
पण टोमॅटो महाग मिळाले, त्यातच चित्त गेलं,
आणि फळीवर पाय ठेवला तर खरंच निघून गेलं तोंडातून:
दार नाही. पडदा आहे. दोन्हीकडे जातो.

तिनं सुरी खाली ठेवली.
इंजिन सुरू झालं, पोरानं दोर ओढला,
बेट मागं सरकायला लागलं,
तरी खिडकीकडे पाहिलं नाही.
"आता हे कुणाला सांगू," म्हणाली,
"ओर्सोला गेली मार्चमध्ये."
मग बऱ्याच वेळानं,
"पडदा! माश्या येत असतील नुसत्या."

दुसऱ्या दिवशी सिल्बाला मात्र सगळ्यांच्या आधी उतरली.
तिथे मोटारी नाहीत, सामान हातगाड्यांवरून जातं.
कुणाच्या तरी नातवाला नाणं देऊन
ती स्वतःच बसली हातगाडीत, चपला हातात,
अख्ख्या गल्लीतून ओरडत: हळू, मेल्या, हळू!
माझ्यासाठी आईस्क्रीम आणलं. अर्धं मनगटावर वितळलेलं.

संध्याकाळी बटाट्याची सालं
पहिल्यांदाच जाड निघाली.
मी तोलली नाहीत.